चौथा कप्पा

१

रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणून सर्व्हरची कामं मी रविवारीच काढते. आल्याबरोबर मागच्या खिडक्या उघडायच्या, शनिवारी कोणीतरी ओलाच टाकून गेलेलं फडकं बाहेर वाळत घालायचं, चहाचं पाणी ठेवायचं, आणि ते उकळेपर्यंत सर्व्हरच्या खोलीत उभं राहून पंख्यांचा आवाज ऐकायचा. पंखे सरळ आवाजात चालत असले की बाकीचं बहुधा ठीक असतं.

आमचा दवाखाना घशाचा आहे. इथे येणाऱ्या बऱ्याच जणांचा आवाज शस्त्रक्रियेत जाणार असतो. तो जाण्याआधी आम्ही साठवून ठेवतो. माणूस काचेच्या खोलीत बसतो, समोरची वाक्यं वाचतो, आणि त्या वाचनावरून पुढे त्याच्यासाठी बोलकं यंत्र तयार होतं. बोटांनी अक्षरं दाबली की यंत्र त्याच माणसाच्या आवाजात बोलतं.

दूर शिकायला गेले होते तिथे मी अशा आवाजांची मोठाली कोठारं पाहिली. सगळी कंपन्यांची. स्वतःचा आवाज वापरायचा तर परवानगी मागायची, आणि माणूस गेल्यावर त्याच्या आवाजाचं काय झालं ते त्याच्या बायकोलाही कोणी सांगायचं नाही. मला ते सहन झालं नाही. परत आले ती थेट मोठ्या डॉक्टरांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, आपले आवाज आपल्याच छपराखाली ठेवू. ते हसले, पण मागची खोली दिली. तेव्हापासून काचेच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आले आहे, की तुमचा आवाज तुमचाच आहे, तो इथून कुठेही जाणार नाही.

शुक्रवारी वीज गेली. परत आली तेव्हा बाकी सगळं उठलं, मैना उठली नाही.

मैना म्हणजे ज्या व्हर्च्युअल मशीनमध्ये हे आवाज राहतात ते. नाव वाचाताईंनी ठेवलेलं. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना पुन्हा बोलायला त्या शिकवतात, म्हणून त्यांचंही खरं नाव मागे पडून वाचाताई एवढंच उरलं. त्यांना मी हा सगळा कारभार घराच्या भाषेत समजावला होता. सर्व्हर म्हणजे घर. व्हर्च्युअल मशीन म्हणजे भाडेकरू. प्रत्येक भाडेकरूला घराच्या जागेतून मोजून एक खोली दिलेली असते, तिला लॉजिकल व्हॉल्यूम म्हणतात. भाडेकरू त्या खोलीत आपले कप्पे पाडतो. घराला खोली दिसते, आतले कप्पे दिसत नाहीत. पण भाडेकरू आजारी पडला, उठेनासाच झाला, तर घरमालकाला बाहेरून एकेक कप्पा उघडून सामान काढता येतं.

"म्हणजे घरमालकीण तू," ताई म्हणाल्या होत्या. "आणि भाडेकरू आत जागा असताना उघडलंस तर?"

"सत्यानाश. दोघांचे हात एकाच कप्प्यात. तो एक ठेवणार, आपण दुसरंच ठेवणार, आणि कशाचा कशाला मेळ राहणार नाही. म्हणून उघडलेला कप्पा बंद केल्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नाही."

"जेवायलासुद्धा?"

"पाणी प्यायलासुद्धा."

"तुझ्या नवऱ्याचं काही खरं नाही बाई," असं म्हणून त्या निघून गेल्या होत्या.

२

त्या रविवारी मी एकटी नव्हते. बाबा सोबत होते, आणि वाचाताई सुट्टी सोडून आल्या होत्या, कारण सोमवारी यंत्रवाला येणार होता. तो फार क्वचित येतो. ज्यांचे आवाज तयार असतील ते यंत्रांत भरतो आणि पुढच्या गावाला जातो. या खेपेला बाबांची पाळी होती, आणि बाबांचा आवाज मैनेत अडकला होता. दुसरी प्रत ठेवायला मागवलेली डिस्क अजून वाटेतच होती. आणि बाबांना काही पुन्हा काचेच्या खोलीत बसवून वाचायला सांगता येणार नव्हतं.

बाबांनी उभा जन्म स्टेशनवर घोषणा करण्यात घालवला. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली रखडली, कोणाचं पोर हरवलंय, सगळं गावाला त्यांच्या तोंडून कळायचं. घरीसुद्धा आईला हाक मारायचे ती फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेल अशी. आई वैतागून म्हणायची, "अहो, मी स्वयंपाकघरात आहे, पुढच्या स्टेशनावर नाही." मग गाठ निघाली, आणि गाठीसोबत आवाज गेला. आता गळ्याच्या खाली एक भोक आहे. श्वास तिथून जातो-येतो, आणि खोली शांत असली की त्याची बारीक शिट्टी ऐकू येते.

यंत्र पहिल्यांदा मिळालं तेव्हा त्यात कोणा परक्या तरुणाचा आवाज होता. बाबांनी सगळ्यात आधी आईचं नाव दाबलं. यंत्राने हाक मारली. आई खो-खो हसली, आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. बाबांनी यंत्र कपाटात टाकलं ते आजतागायत. तेव्हापासून त्यांचं सगळं बोलणं एका पुसायच्या पांढऱ्या पाटीवर, आणि तीही दिवसेंदिवस कोरी राहू लागली होती. मला दुसरं काही नको होतं. बाबांनी आईला एकदा त्यांच्या आवाजात हाक मारलेली ऐकायची होती.

मी खुर्चीत बसताच त्यांनी पाटी माझ्यापुढे धरली. भिंगरी हे त्यांनी मला लहानपणी दिलेलं नाव. *भिंगरे, मैना बोलेल, की तिचाही घसा काढावा लागेल?*

"बाबा, तुम्ही जरा गप्प बसा."

बाबांनी दोन्ही हात पसरले. आणखी किती? वाचाताई फस्सकन हसल्या. त्या दिवशी आम्ही हसलो ते एवढंच.

३

मैना बंद आहे याची खात्री केली. पुन्हा एकदा केली. मग घराकडून तिच्या खोलीतले कप्पे मागितले.

ती खोली मीच मोजून दिली होती आणि कप्पेही मीच पाडले होते. पहिला लहानसा, मशीन उठवण्यापुरता. दुसरा मैनेच्या स्वतःच्या सामानाचा. तिसरा मोठा, आवाजांचा.

पडद्यावर चार ओळी आल्या.

वीज अचानक गेली की कप्प्यांचा नकाशा बिघडू शकतो. मी स्वतःला हे जवळजवळ मोठ्यानेच सांगितलं. चौथ्या ओळीकडे न बघता तिसरा कप्पा उघडला, फक्त वाचण्यापुरता, म्हणजे माझ्या हातून आत काही लिहिलं जायला नको. फाइली जागेवर होत्या. बाबांची होती, आकार बरोबर, तारीख शस्त्रक्रियेच्या आधीची. मी हेडफोन लावले.

ऐकू आली ती काचेच्या खोलीतली शांतता. ती मी कुठेही ओळखेन. भिंतींना जाड मऊ थर आहे, तो सगळे पडसाद गिळून टाकतो, आणि उरते ती कानात बोळे घातल्यासारखी शांतता. त्या शांततेत एक पान उलटलं. खुर्ची किंचित करकरली. कोणीतरी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. पुन्हा पान उलटलं.

बाबा वाचत होते. मी त्या दिवशी काचेबाहेर बसून ते ऐकलं होतं. इथे वाचणं सगळं होतं, फक्त आवाज नव्हता. कोणीतरी कापडातून एक धागा ओढून घ्यावा आणि कापड जसंच्या तसं ठेवावं, तसा तो काढून घेतला होता.

मी दुसऱ्या रुग्णाची फाइल लावली. तिसऱ्याची. पानं उलटत होती, खुर्च्या करकरत होत्या.

"ताई, यात आवाजच नाहीत."

"नाहीत म्हणजे काय? गेले कुठे?"

मी चौथ्या ओळीकडे पाहिलं.

४

चौथा कप्पा तिसरा जिथे संपतो तिथे सुरू होत होता, आणि तिसरा तर खोलीच्या भिंतीला टेकलेला. म्हणजे चौथा सगळा भिंतीपलीकडे. बाहेरून मोजलं तर खोली तेवढीच, आणि आतून तिच्या कित्येक पट. हा आकडा पाहून शहाण्या माणसाने म्हणायचं असतं, नकाशा बिघडला. भिंतीपलीकडे वाचायला गेलं की मशीन साफ नकार देतं. तो नकार यावा आणि माझं मन निवावं, एवढ्यासाठीच मी तो उघडायला सांगितला.

तो उघडला.

आत ओळीने फाइली होत्या. नावं नव्हती, नुसत्या तारखा. शनिवारच्या होत्या. आजच्याही होत्या. मैना शुक्रवारपासून बंद होती.

घड्याळ चुकलं असेल, मी म्हटलं. ते मशीनचं चुकतं कधी कधी. पहिली फाइल स्पीकरवर लावली.

श्वास ऐकू आले. एका माणसाचे नाहीत, पुष्कळांचे. कोणी पाय बदलला. कोणी हळू खाकरलं. वाट बघणाऱ्या लोकांचा आवाज कसा असतो ते बाबांच्या स्टेशनामुळे मला लहानपणापासून माहीत आहे. कोणी बोलत नसलं तरी तो ओळखू येतो. मग त्या सगळ्यांच्या वरून, शांत, कोरडा, प्रत्येक अक्षर वेगळं उचलून ठेवणारा बाबांचा आवाज आला.

"दार अजून बंद आहे. कृपया शांतता राखावी. दार उघडल्यास कळवण्यात येईल."

माझ्यामागे बाबांच्या श्वासाची शिट्टी थांबली.

"हे वाक्य आपल्या वाचनात नाही," ताई म्हणाल्या. "मी स्वतः निवडलीत सगळी वाक्यं. हे नाही त्यात. अगं, लाव ना पुढचं. नको, थांब. लाव."

पुढच्या फाइलीत एक बाई पुटपुटत होती. अजून किती वेळ, अजून किती वेळ. ताईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"शिंपीणबाई आहेत या."

"कोण?"

"कोण काय कोण? माझ्या पोरीचे फ्रॉक शिवायच्या त्या. गेल्या वर्षी इथेच आवाज दिला होता. अगं, त्यांच्या मातीला मी गेले होते."

माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं, आणि त्याला धरून राहिले म्हणूनच मी त्या खुर्चीत बसू शकले. मी पडसाद मोजत होते. आवाज भिंतीवर आदळून परत यायला किती वेळ घेतो त्यावरून खोली केवढी ते काढता येतं. हेच तर मी शिकून आले होते. आमच्या काचेच्या खोलीत पडसाद मुळीच नसतो. शनिवारच्या पहिल्या फाइलीत तो होता, एखाद्या दिवाणखान्याएवढा. नंतरच्या फाइलीत सभागृहाएवढा. आजच्या फाइलीत बाबांचा आवाज गेला आणि परत आलाच नाही. आला तो इतक्या उशिरा, की मी तोवर श्वास धरून बसले होते. एवढी मोठी जागा आमच्या गावात तर कुठेच नव्हती.

आणि श्वासही तितकेच वाढले होते.

५

बाबांनी माझ्या गळ्यात अडकवलेले हेडफोन काढून घेतले आणि स्वतःच्या कानांना लावले. त्यांनी सगळ्या फाइली ऐकल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. घाबरतील असं वाटलं होतं. ते घाबरले नाहीत. फार दिवसांनी भेटलेल्या भावाकडे बघावं तसे ते पडद्याकडे बघत होते.

पाटीवर लिहिलं, *हे मी कधी म्हटलेलं नाही.*

पुसलं. *पण आवाज माझाच.*

पुसलं. *काढ बाहेर.*

"बाबा, हे काय आहे तेच मला कळत नाही अजून."

"काही कळायला नको," वाचाताई म्हणाल्या. "ते बंद कर आणि चला सगळे घरी. काका, अहो, यंत्रवाला पुन्हा येईल की. दुसरा एखादा चांगला आवाज बघू आपण. माझ्या भावाचा घ्या, अगदी रेडिओवर शोभेल असा आहे."

बाबांनी पाटी टेबलावर आपटली. मग लिहिलं, दाबून, पेनाचं टोक झिजावं तसं. *तुमचा आवाज तुमचाच आहे. कोण म्हणतं हे सगळ्यांना?*

मीच म्हणत होते. काचेच्या खोलीत थरथरत बसलेल्या प्रत्येक माणसाचा हात धरून म्हणत होते, आणि मनापासून म्हणत होते. तो आवाज कसा बोलतोय, कोणाशी बोलतोय, हे मला समजत नाही म्हणून मी तो पुसून टाकायचा? मग माझ्यात आणि त्या कोठारवाल्यांत फरक काय उरला? शिवाय वाचण्यापुरतंच तर उघडलं होतं. वाचल्याने कोणाचं काय बिघडतं?

मी बाबांच्या फाइली बाहेर उतरवायला लावल्या. काम सावकाश चाललं होतं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. आई असणार. ती वाजवतच राहते, उचलेपर्यंत.

मी उठले. दोन्ही कप्पे उघडे ठेवून उठले.

"अगं, जेवायला येताय ना दोघं?" आई म्हणाली. "की मैनेलाच भरवताय?"

"येतो. थोडं राहिलंय."

"मिळाला का?"

काय ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "सापडलाय."

तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मग या सावकाश. मी थांबते."

६

परत आले तर वाचाताई त्यांच्या टेबलाशी उभ्या होत्या, हात छातीशी धरून. त्यांच्या पडद्यावर मैनेच्या नावापुढचा ठिपका हिरवा होता.

"ताई, काय केलंत?"

"चालू केली. रोज सकाळी करते तशी. मला वाटलं, ती एकदा उठली की तिचं ती सगळं जागच्या जागी लावेल, आणि हे भलतंसलतं थांबेल." त्यांनी ठिपक्याकडे बोट केलं. "या वेळी उठली गं लगेच. वाट बघत असल्यासारखी."

भाडेकरू आत जागा झाला होता, आणि बाहेरून दोन कप्पे उघडे होते.

मी खुर्चीवर आदळले आणि पहिल्यांदा चौथा कप्पा बंद करायला सांगितला. उत्तर आलं, वापरात आहे. बाबांच्या फाइलींची नक्कल थांबवली, पुन्हा सांगितलं. वापरात आहे. असं होतं तेव्हा कोण वापरतंय ते विचारता येतं, मशीन यादी देतं. मी विचारलं. यादी कोरी आली. पुन्हा बंद करायला सांगितलं. वापरात आहे.

त्या कप्प्यात एक फाइल वाढली होती. वाचण्यापुरत्या उघडलेल्या कप्प्यात मला नवी फाइल दिसायलाच नको होती. मला उघडतानाची यादीच दिसायला हवी होती. हे सगळं मला पाठ होतं, आणि पाठ असण्याचा काडीचा उपयोग नव्हता.

मी ती लावली.

"दार उघडलं आहे," बाबांचा आवाज म्हणाला. "घाई करू नये. सामान आतच ठेवावं. एकेकाने यावं."

मी पडसादाची वाट बघत बसले. एवढ्या मोठ्या जागेतून तो यायला वेळ लागणार होता. मी मनात मोजत राहिले आणि तो आला नाही. मग मला समजलं की तो येणारच नाही. त्या आवाजाभोवती जागाच नव्हती. शब्द सुटत होता आणि तिथल्या तिथे गिळला जात होता, कानात बोळे घातल्यासारखा.

"काय झालं?" ताई म्हणाल्या. "अशी का बघतेस?"

हे बोलणं आमच्या काचेच्या खोलीतलं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की टेबलावर हेडफोन पडलेत, पाटी पडली आहे, आणि बाबा खोलीत नाहीत.

७

सर्व्हरची वायर मी भिंतीतून ओढून काढली. असं कधीही करू नये. पंखे एका सुरात खाली उतरत गेले आणि थांबले. एसी थांबला नाही, पण तो इतका लांब वाटला, जणू शेजारच्या इमारतीत चालू असावा. ताईंनी माझा दंड पकडला होता आणि आम्ही दोघी तशाच काचेच्या खोलीपुढच्या जागेत आलो.

दुपारचं ऊन मागच्या खिडक्यांतून सरळ आत येत होतं. लादीवर त्याचे चौकोन पडले होते. बाबा काचेच्या खोलीच्या दारापाशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून. ते दार जाड आहे, दुहेरी, कडेने रबर बसवलेलं, आणि त्याला खाली दाबायची लांब मूठ आहे. आत दिवा नव्हता. आतला दिवा बाहेरूनच लावावा लागतो.

काचेवर वाफ धरलेली होती. आतल्या बाजूने.

थंडीच्या दिवसांत धरते, मी स्वतःला सांगितलं. थंडी नव्हती. एसीमुळे असेल. पण वाफ सगळीकडे सारखी नव्हती. तिचे गोल डाग होते, तोंडाएवढे. एक माझ्या उंचीचा, एक त्याहून वर, दोन जवळजवळ, एक लहान मुलाच्या उंचीचा. मी बघत असताना ते लहान होत, आणि सगळे एकदम पुन्हा मोठे होत. त्यांच्यामागे अंधार होता, आणि अंधार जिथे मागच्या भिंतीला संपायला हवा तिथे संपत नव्हता.

"काका," ताई हलकेच म्हणाल्या, "अहो काका, मागे या."

बाबांनी वळून पाहिलं. शस्त्रक्रियेनंतर त्यांचा चेहरा एका बाजूने उतरल्यासारखा झाला होता, तो आता सरळ होता. फलाटावरच्या केबिनमध्ये माइकसमोर बसत तेव्हा असायचा तसा, ताठ, थोडा कडक, आणि आतून खूश. त्यांनी एक हात वर केला होता. गर्दी थोपवताना करतात तसा. दुसरा दाराच्या मुठीवर होता.

मूठ अर्धी खाली गेलेली होती. बाबांनी ती दाबलेली नव्हती. त्यांची बोटं तिच्यावर नुसती ठेवलेली होती, आणि ती त्यांच्या बोटांखाली हळूहळू खाली जात होती.

"बाबा, हात काढा. बाबा, ऐका माझं. मी दुसरं काहीतरी करेन. मी पुन्हा तयार करेन तुमचा आवाज, कशावरूनही करेन. आई थांबलीय जेवायची."

आईचं नाव काढल्यावर त्यांचे ओठ हलले. गेले कित्येक महिने मी ते ओठ वाचत आले आहे, हलतात पण काही ऐकू येत नाही, अशी सवय झाली होती. ते आईचं नाव होतं. आणि ते ऐकू आलं. त्यांच्या गळ्यातून आलं नाही. दाराच्या कडेच्या रबरातून आलं, अगदी त्यांच्या ओठांबरोबर, फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेल असं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. बाबांनी डोळे मिटले आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं.

मग काचेवरचे सगळे डाग एकाच वेळी विरले. आत सगळ्यांनी श्वास धरला होता.

मला एक पाऊल टाकायचं होतं. मनगट धरून त्यांना मागे ओढणं मला सहज जमलं असतं, आता ते काही फार ताकदीचे राहिलेले नाहीत. ताई मला ढकलत होत्या, ओरडत होत्या, जा ना, धर ना त्यांना. पण त्यांच्या हातून मूठ सुटली तर तो आवाजही दाराआड राहणार होता, कायमचा, आणि त्यांना हे माझ्याआधी समजलं होतं. ते माझ्याकडे बघत होते. विनवत नव्हते. कामावर असलेला माणूस बघतो तसे बघत होते. त्यांचे ओठ पुन्हा हलले.

"दारापासून दूर उभे राहावे," बाबा म्हणाले.

मी ताईंचा हात धरला आणि मागे सरले.